नळीखालची अक्षरे

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. मित्रांनो, जुनी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे किल्ले आणि लढाया उभ्या राहतील. तसले काही माझ्या कपाळी नाही. माझा जन्म एकोणीसशे एकोणऐंशी साली, केंटकीच्या डोंगरातल्या एका स्वयंपाकघरात झाला. त्याआधी मी पुठ्ठ्याच्या खोक्यात सुट्या तुकड्यांत पडून होते आणि ते खोके टपालाने आले होते. माझ्या जातीच्या बंदुका पूर्वी या डोंगरांत घरोघर असत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, चकमकीची ठिणगी पडली की बार. आता ज्यांना तशी बंदूक हवी असते ते सुट्या भागांचा संच मागवतात आणि हाताने जुळवतात. त्यावरून मला कोणी ‘खोक्यातली’ म्हणून हिणवले तर हिणवो बापडे. खोक्यातून निघाले ते ओबडधोबड लाकूड आणि कच्चे लोखंड होते. बंदूक मला हॉबर्टने केले.

हॉबर्ट खाणकामगार होता. एकतीस वर्षे कोळसा खणून तो घरी बसला, तेव्हा खाणीची निम्मी धूळ त्याच्या छातीत आली होती. ओट्याच्या चार पायऱ्या चढताना तो दोनदा थांबे. घरात तो आणि त्याची बायको ऑर्फा अशी दोनच माणसे होती. एकुलती मुलगी डेल्सी दूर डेटन शहरात कारखान्यात काम करी. नोव्हेंबरात टर्की पक्षी रांधण्याच्या सणाला ती येई, जेवे, भांडी घासून देई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून जाई. बापलेक हवापाण्याच्या पलीकडे काही बोलत नसत.

त्याचे कारण मला हॉबर्टनेच सांगितले. काम करताना तो माझ्याशी बोलत असे. लाकडाशी बोलायला दम कमी लागतो, असे म्हणे. त्याच्या वडिलांची एक पिढीजात बंदूक होती. म्हाताऱ्याने आपल्या नातीला, डेल्सीला, त्या बंदुकीने नेम धरायला शिकवले होते आणि पोरीचा नेम सगळ्या दरीत नावाजलेला होता. म्हातारा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बंदूक तिचीच, असे सगळे धरून चालले होते. पण हॉबर्टने ती उचलली आणि आपल्या पुतण्याच्या, लोनीच्या हाती दिली. मुलगी उद्या लग्न करून जाईल, बंदूक परक्या आडनावात जाईल, असे तो चारचौघांत म्हणाला. पुढच्या आठवड्यात डेल्सीने डेटनची बस धरली.

बस पुलापलीकडे जाण्याआधीच आपले चुकले हे हॉबर्टला कळले होते. पण कळणे वेगळे आणि बोलणे वेगळे. अकरा वर्षे तो शब्द त्याच्या घशातच राहिला. शेवटी त्याने पोरीसाठी दुसरी बंदूक घडवायला घेतली. ती मी. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही.

माझे काम जानेवारीत सुरू झाले. दस्ता मेपलच्या लाकडाचा होता. त्यात नळी बसण्यासाठी लांब पन्हळ होती, पण ती कच्ची. हॉबर्ट नळी रॉकेलच्या दिव्याच्या काजळीवर धरी, पन्हळीत दाबे आणि उचले. लाकडाला जिथे काळे लागले तिथेच पटाशीने केसाएवढे तासे. मग पुन्हा काजळी, पुन्हा दाबणे. असे अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी नळी माझ्या पोटात अशी बसली की मध्ये कागद शिरेना. हे सगळे ऑर्फाच्या जेवणाच्या टेबलावर.

‘‘हॉबर्ट, आज मक्याच्या पावात भुसा लागला तर मला बोलायचं नाही,’’ ती म्हणे.

‘‘गेल्या आठवड्यात लागला होता. बरा होता की.’’

‘‘तो भुसा नव्हता. तो पावच तसा झाला होता.’’

दोघे हसत, आणि हसता हसता त्याला खोकला येई. मग ऑर्फाचे हसू मावळे. ‘‘एक धूळ खाल्लीस जन्मभर, आता ही दुसरी खा,’’ असे पुटपुटत ती त्याच्या तोंडाला ओले फडके बांधी आणि त्याला ओट्यावर पिटाळी. थंडीत कुडकुडत तो मला पॉलिशकागदाने घासत बसे. त्या फडक्यावरचे काळे ठिपके मी पाहिले आहेत.

एक दिवस त्याने कपाटातून डेल्सीचा जुना कोट काढला. कोटाची बाही कोपरात दुमडून त्याने माझ्या दस्त्याला लावून पाहिली. नेम धरताना दस्ता खांद्याला टेकला की बोट चापावर सहज पोचायला हवे, म्हणून दस्ता माणसाच्या हाताच्या मापाचा लागतो.

‘‘पोरीचा कोट कशाला काढलास?’’ ऑर्फाने विचारले.

‘‘कसर लागली का बघतोय.’’

‘‘अकरा वर्षांत कधी बघितली नाहीस ती?’’

ती बाहेर गेल्यावर त्याने करवत घेतली आणि माझा सव्वा इंच कापून टाकला.

व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस कुजवून त्याने रंग केला, तो मला चोपडला आणि चुलीच्या धगीवर मला फिरवत राहिला. तेव्हा माझ्या अंगावर वाघासारखे पट्टे उमटले. ते कोणी रंगवलेले नव्हते, माझ्या लाकडात मुळातच होते. नळीला तपकिरी रंग यावा म्हणून त्याने तिला न्हाणीघराच्या दमटपणात टांगून मुद्दाम गंज चढवला, खरखरीत कापडाने पुसला, पुन्हा चढवला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, ‘‘बास. आता याला थांबवलं नाही तर हा तुला खाईल.’’ मग सोडा घातलेले उकळते पाणी ओतून त्याने गंज मारला. मित्रांनो, गंज कुठे थांबवायचा हे ओळखणारी माणसे थोडी असतात. त्यांतल्या एकाने मला घडवले याचा मला अजून अभिमान आहे.

शेवटी जवसाचे तेल. आठवडाभर रोज, मग महिनाभर दर आठवड्याला, मग वर्षभर दर महिन्याला, आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. तळहाताने चोळायचे, लाकूड कोमट होईपर्यंत.

नळी बसवण्याआधी त्याने सुताराची पेन्सिल घेतली आणि पन्हळीच्या तळाशी लिहिले. खाणीतल्या हाताची ती अक्षरे मोठाली होती. ‘डेल्सीसाठी. आजोबांची बंदूक तुझी होती. मी चुकलो. ही तुझ्या मापाची केली आहे. बाबा.’ मग त्याने वर नळी ठेवली आणि तीन पाचरी ठोकून ती अडकवली. आता वरून पाहणाऱ्याला काहीच दिसणार नव्हते.

त्याचा बेत मला ठाऊक होता. या घरात एक नियम होता. ज्याने बार काढला त्यानेच बंदूक धुवायची, तीही जेवायला बसण्याआधी. आमची काळी दारू जळली की नळीत मिठासारखी राख राहते, ती हवेतले पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून तीन पाचरी काढायच्या, नळी दस्त्यातून उचलायची आणि उकळत्या पाण्याने धुऊन काढायची. सणाला डेल्सी येईल, तिच्या हाती मला द्यायचे, ती चार बार काढील, नियमाप्रमाणे धुवायला बसेल, नळी उचलील आणि वाचील. ‘‘मला तोंड उघडावं लागणार नाही,’’ तो मला म्हणाला. तो खूश होता. मीही खूश होते. आज वाटते, तेव्हाच आम्हा दोघांना अक्कल हवी होती.

देण्याआधी माझा नेम नीट करायला हवा होता. म्हणून ऑक्टोबरात, गोमांसासाठी लागणाऱ्या नेमबाजीच्या पैजेच्या दिवशी, तो मला घेऊन माळावर गेला. तिथे कापलेल्या बैलाचे पाच वाटे लावतात आणि जो तो जाळून काळी केलेली फळी आणून तिच्यावरच्या फुलीवर नेम धरतो. हॉबर्टने मला खांद्याला लावले आणि सगळे हसू लागले. सव्वा इंच आखूड दस्त्यामुळे त्याचा अंगठा नाकाला टेकत होता.

‘‘हॉबर्ट, गरम पाण्यात धुतलीस का रे? आक्रसली बघ!’’ एक जण ओरडला.

‘‘तूच फुगलास, बंदूक नाही,’’ दुसरा म्हणाला.

‘‘बंदुकीला ठाऊक आहे ती कुणाच्या मापाची आहे,’’ हॉबर्ट म्हणाला आणि पाच बार काढले. चौथा आणि पाचवा फुलीच्या मधोमध. बैलाच्या पुढच्या फऱ्याचा वाटा त्याने जिंकला. लोनी त्याला गाडीतून घरी सोडायला आला, तेव्हा फऱ्याचे वजन पेलताना हॉबर्टपेक्षा लोनीच जास्त धापा टाकत होता.

हॉबर्टने किटली चुलीवर ठेवली, मला मांडीवर घेतले आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसला. सूर्य डोंगराआड चालला होता. माझ्या दस्त्यावरच्या, चिंध्या ठेवायच्या पितळी डबीवर त्याने दारूने काळा झालेला अंगठा टेकवला. ‘‘पाणी उकळलं की उठतो,’’ तो म्हणाला. आत किटली शिटी घालू लागली. तो उठला नाही.

‘‘अरे, पाणी उकळलं!’’ ऑर्फाने आतून हाक मारली. ‘‘हॉबर्ट? कान गेले का आता?’’ मग ती हात पुसत बाहेर आली.

किटलीतले पाणी पार आटून गेले, मित्रांनो. ते माझे पाणी होते.

मातीला डेल्सी आली. सगळे पांगल्यावर लोनी हळूच म्हणाला, ‘‘काकी, बंदूक धुतलेली नाही. मी धुऊन देतो. नाहीतर नळी जाईल.’’

ऑर्फा मला उराशी धरून बसली होती. पितळी डबीवर हॉबर्टच्या अंगठ्याचा काळा ठसा होता, रेघ न् रेघ दिसणारा. ‘‘हात लावायचा नाही कुणी,’’ ती म्हणाली. ‘‘हा त्याचा अंगठा आहे. त्यानं ठेवलीय तशी राहील.’’

‘‘काकी, ठसा सोडून धुतो. नुसती नळी काढतो.’’

‘‘आजोबांची घेतलीस ना? मग ही राहू दे!’’

लोनीचा चेहरा उतरला. तेव्हा डेल्सी पुढे झाली. तिला बंदुकांची जाण होती, काय होणार ते तिला कळत होते. ‘‘आई, दे माझ्याकडे. मी जपून धुते,’’ म्हणत तिने हात पुढे केला. तिची बोटे माझ्या दस्त्याला लागली. एका वितेवर तिच्या बापाची अक्षरे होती. मी ओरडू शकले असते तर माझे लाकूड तडकले असते.

‘‘नाही,’’ ऑर्फा म्हणाली.

डेल्सीने हात मागे घेतला. ‘‘बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘या घरातली बंदूक माझ्या हाती यायचीच नाही.’’ ऑर्फाला ते ऐकू गेले की नाही, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी डेल्सी गेली.

मला भिंतीवर दोन खिळ्यांवर ठेवले आणि मी तिथे सतरा वर्षे राहिले.

माझी हेळसांड झाली असे म्हणू कशी? ऑर्फा रोज संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसे आणि दिवसभराचे सगळे सांगे. कोंबड्यांचे, गुडघ्यांचे, डेल्सीच्या पत्राचे. येणारेजाणारे माझे पट्टे पाहून वा वा करत आणि ती म्हणे, ‘‘लांबून बघा.’’ पण माझ्या आत काय चालले होते ते कोण पाहणार? पहिल्याच हिवाळ्यात राखेने पाणी ओढले. नळीतले, गोळीला गिरकी देणारे नितळ आटे एकेक करून खाल्ले गेले. कोणी तेल लावले नाही, तसे माझे लाकूड करडे पडले. चौथ्या वर्षी अंगठ्याचा ठसासुद्धा उरला नव्हता. पितळ हिरवे पडून तिथे नुसता एक डाग झाला होता. ऑर्फाच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरू लागला होता. ती अजून त्या डागालाच ‘‘निजते हं,’’ असे सांगून जाई. मला तिचा राग यायचा आणि लगेच रडूही यायचे. ज्या मायेने ती मला जपत होती, त्याच मायेने ती मला मारत होती, आणि हे तिला सांगणारे कोणी नव्हते. लोनी दर ऑक्टोबरात विचारी. पुढे त्यानेही विचारणे सोडले.

सतराव्या वर्षी ऑर्फाला एकटीने राहणे झेपेना. डेल्सी तिला डेटनला न्यायला आली. आता तिचेही केस पिकले होते. खोकी बांधून झाली. ऑर्फा म्हणाली, ‘‘बंदूक माझ्या मांडीवर राहील.’’

लोनी गाडी भरायला आला होता. तो आडवा उभा राहिला. ‘‘काकी, भरलेली आहे की रिकामी हे बघितल्याशिवाय बंदूक गाडीत चढत नाही. काका असते तर त्यांनीही चढू दिली नसती.’’

ऑर्फा बाजूला सरली. लोनीने माझा गज नळीत घातला. गजावर एक रेघ असते. नळी रिकामी असली की ती रेघ बरोबर तोंडाशी येते. माझ्या नळीत ती तोंडाच्या चार बोटे वरच थांबली.

‘‘आत काहीतरी आहे,’’ लोनी म्हणाला. त्याचा आवाज बदलला. ‘‘काकांनी सहावा बार ठासला होता का?’’

कोणालाच ठाऊक नव्हते. ऑर्फा घाबरली. सतरा वर्षे ती भरलेल्या बंदुकीसमोर खुर्ची टाकून बसली होती की काय! ‘‘काढ,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘काढ नळी. पण डबीला हात लावू नकोस.’’

पाचरी गंजून घट्ट झाल्या होत्या. लोनीने त्या हळूहळू ठोकून काढल्या. नळी उचलताना माझ्या लाकडाने करकर आवाज केला. नळी आणि उकळत्या पाण्याची किटली घेऊन तो दूर अंगणात गेला. उरलेली मी डेल्सीच्या मांडीवर राहिले, पन्हळ वर करून. तिने सवयीने फडक्याने गंजाचा भुगा पुसला आणि तिचा हात तिथेच थांबला.

‘‘काय गं? काय झालं?’’ ऑर्फाने विचारले. ‘‘मला दिसत नाही. काय आहे?’’

डेल्सीने वाचले. मोठ्याने, एकेक शब्द. शेवटच्या ‘बाबा’पाशी तिचा आवाज गेला.

ऑर्फाने चाचपत डेल्सीचा हात धरला. मग म्हणाली, ‘‘तू हात पुढे केला होतास. त्या दिवशी.’’

‘‘आई, राहू दे.’’

‘‘आणि मी नाही म्हटलं. मी त्याचा अंगठा सांभाळत बसले गं. त्याचं बोलणं आत होतं आणि मी सतरा वर्षं कुणाला उघडू दिलं नाही.’’ ती रडू लागली, म्हातारी माणसे रडतात तशी, आवाज न करता. ‘‘कोट काढला होता मेल्यानं. कसर बघतो म्हणाला.’’

डेल्सीने मला उचलून खांद्याला लावले. नळी नसलेली बंदूक, नुसते लाकूड. तिचे बोट चापावर अगदी सहज पोचले. इंचाचाही फरक नव्हता.

लोनी परत आला. आत बार नव्हताच. गंजाचे पोपडे होते आणि कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर. पाणी पडले ते विटेच्या रंगाचे. ‘‘डेल्सी, नळी संपली,’’ तो खाली बघत म्हणाला. ‘‘हिच्यातून आता गोळी जायची नाही.’’ मग तो म्हणाला, ‘‘आजोबांची माझ्याकडे आहे. ती ने. ती मी दर वेळी धुतली आहे.’’

ती तिने नेली. मलाही नेले. आता आम्ही दोघी डेटनच्या घरात एका भिंतीवर असतो. ती शंभर वर्षांची असून बार काढते आणि मी तरुणपणीच मुकी झाले. ऑर्फा अजून बोटाने माझी पितळी डबी चाचपते आणि विचारते, ‘‘ठसा आहे ना गं?’’ डेल्सी म्हणते, ‘‘आहे आई, तसाच आहे.’’ वर्षातून एकदा, हॉबर्ट गेला त्या दिवशी, ती तीन पाचरी काढते, नळी उचलते, वाचते आणि तळहाताने माझ्या लाकडाला तेल चोळते, लाकूड कोमट होईपर्यंत. तिचा हात तिच्या बापासारखाच खरखरीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची तरी एखादी आवडती वस्तू असेल. तिला नुसती भिंतीवर टांगून तिच्याशी बोलत बसू नका. ती धुवा, पुसा, वापरा. हातांनीच ती जगते, आणि डाग गेला म्हणून माणूस जात नाही. आणि कोणाला ‘मी चुकलो’ असे सांगायचे राहिले असेल तर ते लाकडात लिहून ठेवू नका. जाऊन तोंडाने सांगा. पाणी उकळलं की उठतो, असे म्हणू नका.